मेट्रो धावली, म्हणून आरेवाले खोटे ठरले?

मुंबईची भुयारी मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पोचल्यापासून तोच जुना मजकूर पुन्हा ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सारांश असा: गोरेगावच्या आरेत जंगल कधी नव्हतंच, ती दूधवसाहत, एसीत बसणाऱ्या चार जणांनी झाडांसाठी गळा काढला, त्यांच्यापायी मेट्रो रखडली आणि खर्च फुगला, झाडं तर दुसरीकडे लावलीच, मेट्रोने कार्बनही वाचतो, आता विषय संपला, आणि वर हेच लोक मेट्रोतून मिरवतात.

शेवटचा टोमणा आधी घेऊ. मेट्रो नको, असं कुणी म्हणत नव्हतं. साडेतेहेतीस किलोमीटरच्या मार्गिकेबद्दल तक्रार नव्हती, तक्रार होती कारशेडच्या जागेबद्दल. गाड्या उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला मिठी नदीकाठची, झाडांनी भरलेली आरेचीच जागा कशाला, एवढाच प्रश्न होता. मग मेट्रोत बसलं तर दुटप्पीपणा कसला? मेट्रोमुळे कार्बन किती वाचतो हे आकडेही इथे लागू होत नाहीत. तो वाचतो गाडी धावल्यामुळे, शेड आरेत असल्यामुळे नाही.

आता उशिराचं. हा आरोप सगळ्यात जास्त खपतो, म्हणून तारखा लावूनच बघा. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने आरेतली झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री अंधारात करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. हवी होती तेवढी तोडून झाली, असं सरकारनेच कोर्टात सांगितलं. 21 ऑक्टोबरला कोर्टाने स्पष्ट केलं की बंदी झाडं तोडण्यावर आहे, बांधकामावर नाही. म्हणजे कोर्टाने काम रोखलंच नव्हतं. ते रोखलं नोव्हेंबरअखेर आलेल्या नव्या सरकारने. ऑक्टोबर 2020 मध्ये शेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. त्या जागेवर केंद्राने हक्क सांगितला आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाची स्थगिती आली. जून 2022 च्या शेवटी सरकार बदललं आणि जुलैत शेड परत आरेत. या अडीच वर्षांत केंद्र-राज्याचं भांडण किती आणि झाडांचं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. गंमत म्हणजे, ज्या कांजूरवरून एवढा तमाशा झाला तिथलीच जमीन पुढे मेट्रो 6 या दुसऱ्या मार्गिकेच्या कारशेडला दिली गेली.

आंदोलनाचा दबाव नसता तर 2019 ची सरकारी स्थगिती आली नसती, हे मान्य. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) हा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 च्या आधी सुरू होऊ शकला असता, हेही मान्य. पण भुयार खणण्यातला शेवटचा, बेचाळिसावा तुकडा आरपार झाला 30 नोव्हेंबर 2022 ला. शेड आधीच बांधून तयार असती तरी कफ परेडची गाडी तोवर काय उडत जाणार होती? मध्ये कोविडचा काळ गेला तो वेगळाच. 23 हजार कोटींचा प्रकल्प 37 हजार कोटींवर गेला, त्याचं सगळं बिल आरेच्या झाडांच्या नावावर फाडायचं म्हणजे कमाल आहे.

दूधवसाहत? होती, 1949 पासून. पण गोठे आले म्हणून बाकीचा डोंगर-ओढा नाहीसा झाला नाही. कागदावर हे वन नाही, हे कोर्टानेही मान्य केलं आणि तिथे आंदोलक हरले. ते लपवायचं कारण नाही. मात्र ते कागद कसे बनतात तेही बघा. 2016 मध्ये शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली, तेव्हा कारशेडसाठी आरेतली 165 हेक्टर जमीन त्यातून वगळली. पुढे राज्य सरकारनेच आरेतली 800 एकरांहून अधिक जमीन राखीव वन ठरवली. तेच बिबटे, तेच ओढे. एका सहीने जंगल होतं, दुसऱ्या सहीने होत नाही.

एसीवाल्यांचं म्हणाल तर आरेत 27 आदिवासी पाडे आहेत. तिथले वारली आजही वाघोबाला शेंदूर लावतात. कारशेडपायी प्रजापूरपाड्यातली घरं उठली. तोडीच्या त्या रात्री अटक झालेल्या 29 जणांत विद्यार्थी होते, आदिवासी होते. यांच्या घरी कसले एसी?

‘झाडं लावली ना’ यावर फार बोलायला नको. लहान रोपं राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे आधीच जंगल असलेल्या जागी लावली. त्याने मिठीकाठच्या उतारावर कोणती सावली परत आली?

राहता राहिलं ‘आता विषय संपला’. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला 84 झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली. कंपनीने अर्ज केला 177 झाडांचा. एप्रिल 2023 मध्ये कोर्टाने तोड होऊ दिली, पण कंपनीला 10 लाखांचा दंडही ठोकला. हा दंड का झाला, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्याला विचारा.