गुलाबी आणि जांभळं

पॅथॉलॉजीच्या, म्हणजे रोगशास्त्राच्या, पहिल्या प्रॅक्टिकलला मी मायक्रोस्कोपमध्ये जे पाहिलं, ती माझीच पापणी होती. मी तिचं चित्रही काढलं होतं. मॅडमनी जर्नलमध्ये डोकावून विचारलं, "हे काय?" म्हटलं, "तंतुमय ऊतक." त्या म्हणाल्या, "डोळा जरा लांब धर."

बीएस्सीला हा विषय मी हौसेनं घेतला होता, हे आधीच कबूल करतो. रोग पेशीत शोधायचा असतो, हे १८५८ साली व्हिर्शो या जर्मन डॉक्टरानं ठासून मांडलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या मानेला रग लागली आहे. काचेच्या स्लाइडवर अवयवाचा पाच मायक्रॉन जाडीचा काप. त्यावर हिमॅटॉक्सिलिन हा रंग टाकला की पेशींची केंद्रकं जांभळी, इओसिन हा दुसरा टाकला की उरलेलं सगळं गुलाबी. निरोगी असो वा सडलेलं, गुलाबीच. जर्नल भरता भरता माझी गुलाबी पेन्सिल बोटभर उरली, ज्ञान तेवढंही जमलं नाही. पुस्तकात रक्त तुंबलेलं यकृत म्हणे जायफळासारखं, क्षयाचं नेक्रोसिस, म्हणजे मेलेलं ऊतक, चीजसारखं. पण या उपमा नुसत्या डोळ्यांनी अवयव पाहणाऱ्यांच्या. भिंगाखाली जायफळ काय नि चीज काय, दोन्ही गुलाबी.

मग वर्गानं आपलं शास्त्र शोधलं. स्लाइड भिंगाखाली पाहायचीच नाही, वरूनच ओळखायची. हवेचा बुडबुडा अडकलेली ती टीबी. बदामाच्या आकाराचा काप तो थायरॉइड. कोपरा तुटलेली ती फॅटी लिव्हर, म्हणजे चरबी साचलेलं यकृत. या शास्त्रात आम्ही इतके तयार झालो की पेटी उघडली की लांबूनच निदान सांगायचो. (ही विद्या ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे तोंडी जाते. लिहून ठेवायची नाही.)

परीक्षेत स्पॉटिंग, म्हणजे टेबलावरची स्लाइड पाहून ओळखायची. प्रत्येक टेबलाला दोन मिनिटं, मग घंटा. चौथ्या टेबलावर कोपरा तुटलेली स्लाइड! तरी प्रामाणिकपणे भिंगातही पाहिलं. पांढऱ्या पोकळ्याच पोकळ्या. शंकाच मिटली. लिहिलं: फॅटी लिव्हर.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी तोच पेपर पुढे ठेवला.

"फॅटी लिव्हर कशावरून?"

"पोकळ्या, सर. प्रोसेसिंगमध्ये चरबी झायलिननं विरघळते, तिची जागा रिकामी दिसते."

"अगदी बरोबर. यकृताच्या पेशी कुठे दिसल्या?"

मी गप्प.

"ही एम्फिसीमाची स्लाइड आहे. फुप्फुस. त्या पोकळ्यांत हवा होती. यकृतात हवा कुठून आली?"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं निघतं. मी म्हणालो, "सर, पण कोपरा तुटलाय."

सरांनी स्लाइड उचलली, उजेडात धरली, मॅडमकडे चोरून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तो सकाळी माझ्या हातून तुटला."