खिडकीच्या सिलिकॉनवर एलेव्हेटर टांगू नका

"बिजागऱ्यांवर पैसे घालवू नका. खिडकीच्या काचेला लावतात ते सिलिकॉन फटीत भरा आणि तासाभरात विमान उडवा. फट उरत नाही, रबरासारखं असल्यामुळे फ्लटर शोषलं जातं, पेट्रोलचा परिणाम होत नाही, नको झालं तर सोलून काढता येतं. ग्लायडरवाले हेच करतात." मॉडेल विमानांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज माझ्या भाच्याने मला पाठवला, सोबत फोटो: बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) ट्रेनरचं, म्हणजे शिकाऊ विमानाचं, एलेव्हेटर (शेपटीमागची वर-खाली फिरणारी फळी) पांढऱ्या सिलिकॉनने शेपटीला चिकटवलेलं. म्हणजे सल्ला विचारलाच नव्हता, काम उरकून शाबासकी मागितली होती.

सगळ्यात घातक वाक्य फ्लटरचं, म्हणजे उडताना पंख-शेपटीला सुटणाऱ्या थरथरीचं, म्हणून आधी तेच. थिओडोर थिओडोरसन यांनी 1935 साली नाकाच्या 496 क्रमांकाच्या अहवालात (नाका म्हणजे नासाच्या आधीची संस्था) फ्लटरचं गणित मांडलं. त्यात पंखाच्या तीन हालचाली धरल्या आहेत: वरखाली वाकणं, पिळणं आणि एलेरॉनचं (पंखामागच्या हलत्या फळीचं) बिजागरीभोवती फिरणं. यातल्या दोन एकमेकींना साथ देऊ लागल्या की वाहत्या हवेतून ऊर्जा मिळत जाते आणि थरथर वाढतच जाते. तिला रोखायचं तर कंट्रोल सरफेस (एलेव्हेटर, एलेरॉनसारखा हलता भाग) ताठ धरलेला हवा, त्याला हलवणाऱ्या जोडणीत, म्हणजे लिंकेजमध्ये, ढिलाई नको आणि वेगवान विमानात सरफेसचं वजनही बिजागरीच्या रेषेवर तोललेलं हवं. सिलिकॉन नेमका ताठपणाच घालवतं. रबर थोडी ऊर्जा गिळतं, कबूल. पण त्या बदल्यात सरफेसला फिरण्याखेरीज वर-खाली, पुढे-मागे सरकायचीही मोकळीक मिळते.

पटत नसेल तर एलेव्हेटर न फिरवता त्याची पुढची कड चिमटीत धरा आणि वर-खाली ढकला. पिन असलेल्या बिजागरीवर ते जागचं हलत नाही. सिलिकॉनच्या जाड थरावर ते दाबलं तसं सरकतं आणि सोडलं की हळूच परत येतं. तीन किलो-सेंटीमीटरचा सर्व्हो (सरफेस फिरवणारी छोटी मोटर) एक सेंटीमीटरच्या आर्मवर पूर्ण जोर लावतो तेव्हा पुशरॉडमध्ये (सर्व्होपासून सरफेसपर्यंतच्या सळईत) तीन किलोचा जोर येतो, आणि जवळपास तेवढाच बिजागरीच्या रेषेवर. तिथे रबर असेल तर सर्व्होची काही हालचाल ते ताणण्या-दाबण्यातच जाते. रिमोटची स्टिक मधे सोडल्यावर एलेव्हेटर रोज वेगळ्या जागी थांबलं, तर ट्रिम (विमान सरळ उडावं म्हणून केलेली बारीक जुळवणी) तरी कशाच्या भरवशावर लावणार?

तासाभरात उडवण्याची गोष्ट तर हास्यास्पद आहे. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जातं. माहितीपत्रकांत साधारण 24 तासांत दोन-तीन मिलिमीटर असा वेग दिलेला असतो, आणि खोलीवर तो आणखी मंदावतो. दहा मिलिमीटर जाडीच्या कडेत हवा फक्त वरून आणि खालून लागते, म्हणजे मधला भाग दोन दिवसांनीही लिबलिबीत असू शकतो. तासाभरात बोटाला लागत नाही ती निव्वळ साय. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर सुकताना ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं. बंद फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) तांब्याचे संपर्क आणि स्टीलच्या पुशरॉड यांना ते मानवत नाही.

पेट्रोलने सिलिकॉन फुगतं, एवढं त्या मुद्द्यासाठी पुरे.

ग्लायडरचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. साच्यात बनवलेल्या मोल्डेड ग्लायडरमध्ये पंखाच्या सालीलगत सिलिकॉनची पातळ, सलग रेघ ओढून फ्लॅप जोडणारे लोक आहेत, आणि त्यांची ग्लायडर नीट उडतात. पण तिथे थर बारीक असतो, पृष्ठभाग घासून स्वच्छ केलेला असतो आणि जोड पंखाच्या पूर्ण लांबीवर असतो. ईपीपी फोमच्या हळू उडणाऱ्या, बिनशेपटीच्या फ्लाइंग विंगलाही चालून जातं. बाल्सावर प्लास्टिकची फिल्म चढवलेली असेल तर सिलिकॉन लाकडाला नाही, फिल्मला चिकटतं. फिल्म स्वतः इस्त्रीने वितळवलेल्या गोंदावर टिकलेली. ओढ आली की कडेपासून सगळंच सोलून निघायचं.

आणि "सोलून काढता येतं"? वरचं रबर निघतं, पण लाकडाच्या रंध्रांत शिरलेलं तिथेच राहतं. त्यावर सीए (झटपट चिकटणारा गोंद) धरत नाही, इपॉक्सी धरत नाही, फिल्म चिकटत नाही. सँडपेपर मारला तर ते आणखी पसरतं.

म्हणून भाच्याला कळवलंय: दोन्ही कडांचं दोन-तीन मिलिमीटर लाकूड कापून टाक, नवी बाल्सा पट्टी जोड, बिजागरीसाठी खाचा पाड. सीए बिजागऱ्या (सीए शोषून घेणाऱ्या पातळ पट्ट्या) दोन्ही बाजूंना निम्म्या-निम्म्या बसव, दोन्हीकडून पातळ सीएचे थेंब सोड आणि सुकल्यावर प्रत्येक बिजागरी जोर लावून ओढून बघ. निघायची असेल तर टेबलावरच निघू दे.