२५२० ही संख्या गूढ नाही. तो एक लसावि आहे

नौपाड्यात राहणाऱ्या, सहावीतील माझ्या भाचीने आजीच्या व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश गणिताच्या प्रकल्पवहीत उतरवून घेतला होता. १ ते १० या सर्व संख्यांनी भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या रामानुजन यांनी शोधली, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकारही तेवढाच येतो, हे तिचे गूढ, असे त्यात म्हटले आहे. हा मजकूर मुलांच्या वहीपर्यंत पोहोचल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

‘एकमेव’ हा शब्द साफ खोटा आहे. ५०४०, ७५६० अशा २५२० च्या प्रत्येक पटीला १ ते १० ने भाग जातो आणि या पटींना अंत नाही. त्यांत २५२० सर्वांत लहान, म्हणजेच १ ते १० चा लसावि आहे, इतकेच खरे. ८ घेतले की २ व ४ त्यात येतात, ९ घेतले की ३ येतो, ६ आणि १० यांचे मूळ अवयव ८, ९ व ५ यांत आलेच आहेत, उरतो ७. म्हणून ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ज्याचे कारण सहावीतील मुलगी एका ओळीत मांडू शकते, त्याला ‘गूढ’ ठरवून तिला विचार करण्यापासूनच परावृत्त केले जाते, आणि मला सर्वाधिक राग येतो तो याचाच.

दिवसांना दिवसांनी आणि पुन्हा महिन्यांनी गुणून येणारी संख्या कशाचेच मोजमाप नसते. ३० = २ × ३ × ५ आणि १२ = २ × २ × ३ असल्याने, ७ सोबत वरचेच मूळ अवयव पुन्हा जमतात, एवढेच. जानेवारीचे ३१ दिवस घेतल्यास ७ × ३१ × १२ = २६०४ येतात आणि त्यांना ५ नेही भाग जात नाही.

रामानुजन यांच्याबाबत अर्धे सत्य मान्य करावे लागते. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये १९१५ साली आलेल्या ‘हायली कॉम्पोझिट नंबर्स’ या त्यांच्या दीर्घ लेखात, स्वतःहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांमध्ये, ४८ विभाजकांची २५२० आहे. मात्र तिच्या लगेच पुढे ६० विभाजकांची ५०४० आहे, आणि तिला १ ते १० ने भाग जातो हे प्लेटोने आदर्श नगरातील कुटुंबांची संख्या ठरवताना दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच नोंदवले होते.

भाचीने तो उतारा खोडलेला नाही. त्याखाली तिने स्वतः २५२० ला ११ ने गुणून १ ते १२ चा लसावि २७७२० असा काढला आहे.