ट्रक उभा असला तरी मालक तो मालकच

लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या म्हणून गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या नवरेमंडळींनी खचायचं कारण नाही. खनिज थांबलं, रुबाब थोडाच थांबतो? थोडं पथ्य पाळलं की झालं.

आधी आठवणी ताज्या ठेवा. चीन आपला हलक्या प्रतीचा मालसुद्धा उचलत होता, तेव्हा तुमचा टिप्पर किती फेऱ्या मारायचा, हे सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवा. खंदक भूजलाखाली गेल्यावर विहिरी आटल्या, पावसात गाळ शेतात उतरला, हे वगळा. टँकरपुढे कळशी घेऊन तुम्ही थोडेच उभे होता? शेती काय, 'तोट्यातच होती' म्हणायचं. त्या तोट्यात लावणी कोण करायचं असं कुणी विचारलंच, तर आत चहा सांगा. दूध कुणाच्या पैशाचं, ही चौकशी तब्येतीला बरी नव्हे.

तारखा मात्र पाठ हव्यात. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून दार किलकिलं झालं, 2018 मध्ये 88 लीज रद्द होऊन पुन्हा लागलं. आता लिलाव झालेत, म्हणजे आशेलाही जागा आहे. बचत गटाचा हप्ता कधीचा, ते बायकोला पाठ असतं. अशी वाटणी असली की संसार सुरळीत चालतो.

ट्रक विकू नका. टायर बसले तरी अंगणात उभा असू दे. एका घरी हौद्यावर दोडक्याचा वेल चढवलाय. शुक्रवारी ते दोडके म्हापशाच्या बाजारात जातात आणि मालक ऐटीत सांगतात, "बघा, ट्रक अजून कमावतो!" वेल लावणारी, पहाटेची बस धरणारी, दुपारपर्यंत उन्हात गोणपाटावर बसणारी बाई त्यांच्या मते 'जरा वेळ घालवते'. मुलगी औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते. रात्रीच्या पाळीवरून आली की "इतका उशीर?" असं जरूर दरडावा. फक्त पगाराच्या दिवशी नको.

सर्वांत नाजूक काम कागदांचं. गृह आधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे दीड हजार हवेत, तर अर्जावर ती गृहिणी. बँकेला जामीन हवा, तर ती जबाबदार नागरिक. गावात विचारलं, तर ती काहीच करत नाही. तिन्ही उत्तरं एकाच तोंडाने देता आली पाहिजेत. पोर्तुगीज काळापासूनच्या आपल्या नागरी कायद्याने मात्र घोळ घातलाय. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्तेत तिचा निम्मा वाटा, आणि जमीन विकायला तिची सही लागते. दिल्लीचं गिऱ्हाईक काजूची बाग बघून गेलं असेल, तर सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवा. ती कागद वाचायला लागली, तर भात करपल्याचा वास येतोय म्हणा. तरीही "आधी वाचते, मग बघू" म्हणालीच, तर गिऱ्हाइकाकडून सोमवारची वेळ मागून घ्या. शुक्रवारी तिला सवड नसते.