प्रेम काळ्या-पांढऱ्यावर, खर्च रंगांवर

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. आमची आई सोडून. ती आपल्या सवयीने शेवटचं पान आधी उघडते आणि "अगं, हा सुरुवातीलाच गेला की!" म्हणून हळहळते.

पण माझं दुखणं वेगळं आहे. मांगा हा जवळजवळ सगळा काळ्या शाईचा कारभार. साप्ताहिकांचा कागद खरखरीत, डेडलाइन कायम मानगुटीवर, रंग भरत बसायला फुरसत कोणाला? सावली हवी, तर ठिपक्यांचा स्क्रीनटोन कापून चिकटवायचा (हल्ली तेही कॉम्प्युटरवर). पात्र ओशाळलं तर गालावर घामाचा एक थेंब, भडकलं तर कपाळावर फुगलेली शीर. एवढ्यावर माणूस जिवंत होतो. मी याच्याच प्रेमात पडले. तिथेच थांबले असते, तर एका काळ्या पेनात जन्म निघाला असता. पण अंकाच्या सुरुवातीला अधूनमधून चार रंगीत पानं येतात. केसांवरून फिरणारा तो चकाकता पट्टा, गालात कुठे सुरू झाली ते कळूच नये अशी लाली! त्या चार पानांनी माझं वाटोळं केलं.

कारण त्यानंतर घरात मार्कर आले. शाळेतले स्केचपेन नव्हेत, अल्कोहोलच्या शाईचे. कॉपिक नावाचे जपानी मार्कर १९८७ साली निघाले. झेरॉक्सच्या रेघा न विरघळवता त्यावर रंगवता यावं म्हणून केलेले, नावसुद्धा 'कॉपी'वरूनच. आज त्यांचे रंग आहेत ३५८. प्रत्येकाला गोंडस नाव आहे, पण हाक मारायची ती कैद्यासारखी, नंबराने. ई ००, ई ११, आर २०. अक्षर म्हणजे रंगाचं घराणं, पहिला आकडा रंग किती मळका ते सांगतो, दुसरा किती गडद ते. हे एकदा डोक्यात बसलं की माणसांकडे सरळ बघता येत नाही. ताई तापातून उठली, तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. सगळे विचारत होते, "बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "बीव्ही २३ असेल का गं?" तिने दोन दिवस अबोला धरला.

खरी परीक्षा गालाची. आधी सगळ्या चेहऱ्यावर फिकट ई ०० फिरवायचा. तो ओला आहे तोवर कडेने ई ११, आणि दोघांच्या सीमेवर पुन्हा ई ००, म्हणजे भांडण मिटतं. हे सगळं एका दमात. थर वाळला की कायमची रेघ. नेमक्या याच क्षणी दाराची बेल वाजते. नाही वाजली, तर मार्कर संपतो. आणि तो गुपचूप संपत नाही, कागदावर किंचाळून संपतो. मग रिफिलच्या बाटलीतून थेंब-थेंब शाई पाजायची, तोवर गाल वाळून खडखडीत.

"मावशी, हिला मुका मार लागलाय का?" भाच्याने विचारलं.

यावर उपाय म्हणून बिनरंगी ब्लेंडर मिळतो. नंबर शून्य. लोकांना वाटतं, तो डाग पुसतो. छे! तो डागाला फक्त पुढे ढकलतो, सरकारी फाइलसारखा. गालावरचा डाग कानापाशी गेला, कानापासून केसांत शिरला आणि तिथे सावली म्हणून कायम झाला. दरम्यान शाई कागदातून आरपार जाऊन खालच्या कोऱ्या पानावर आणखी एक चेहरा उमटला होता. खरं सांगायचं तर वरच्यापेक्षा तो जास्त गोड होता.

तरीही शेवटी जमलं. लाली अशी उतरली होती, की मीच तिच्याकडे बघून लाजले. मग चित्र स्कॅनरवर ठेवलं. स्कॅनर हा प्राणी फिकट रंगांचा हाडवैरी. केस त्याने इमानदारीने टिपले, कपडे टिपले, डोळ्यांतली चमकसुद्धा टिपली. ई ०० मात्र पार गिळला, वर लालीचा घोटही घेतला. मी कॉम्प्युटरवर लेव्हल्स, म्हणजे चित्राचा उजेड-अंधार, खालीवर करून थकले आणि रात्री उशिरा तसंच पाठवून दिलं.

सकाळी क्लायंटचं उत्तर आलं : "मस्त झालंय! फक्त चेहरा रंगवायचा राहिलाय, तेवढा करून पाठवा."