अँटिबॉडी रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून गोळ्या बंद करू नका

"मेंदूचे आणि नसांचे सगळे आजार एका रक्ताच्या चाचणीत" असा मथळा असलेला लांबलचक मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात सहा दावे आहेत. मुंग्या, विसरभोळेपणा, चक्कर, झोप न लागणं यातलं काहीही असेल तर 'ऑटोइम्युन न्यूरो पॅनल' (अँटिबॉडी म्हणजे संसर्गाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं; ती स्वतःच्याच मेंदूवर-नसांवर उलटलीत का ते पाहणाऱ्या रक्तचाचण्यांचा संच) करून घ्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आजारच नाही, चालू गोळ्या बंद करा. पॉझिटिव्ह आला तर मेंदूवर हल्ला सुरू झालाय. रिपोर्ट हातात येईपर्यंत स्टेरॉइड घेऊ नका. पाठीतलं पाणी काढू देऊ नका, कंबरेखालचं अंग जातं. आणि दर महिन्याला आकडा तपासत गुळवेलीचा काढा घ्या, आकडा उतरला की तुम्ही बरे.

अशोक चौकाच्या बाजूला माझं मेडिकल आहे. लोक काउंटरवर फोन पुढे करून असले मेसेज दाखवतात, मी दोन वाक्यांत सांगतो आणि कामाला लागतो. हा मेसेज मात्र अक्कलकोटच्या मावशींनी काळजीपोटी माझ्या वहिनींना पाठवला आणि वहिनींनी गोळ्या थांबवल्या. दादाचा फोन आला तेव्हा त्यांना पाणी पितानाही ठसका लागत होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय. सुरुवात दुसऱ्या, गोळ्या बंद करण्याच्या दाव्यापासून, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

वहिनींना मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. नसेचा निरोप स्नायू जिथे घेतो त्या जागेवर शरीराच्याच अँटिबॉडी हल्ला करतात. स्नायू वापरला की थकतो, विसावा दिला की सावरतो. सकाळी वहिनींना पाहून कुणाला काही कळणार नाही. दिवेलागणीला डावी पापणी बुबुळावर उतरलेली असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांच्या जिवाची आवडती, पण आजार सुरू झाला तेव्हा चार घास चावले की जबडा थांबायचा. मग हनुवटीखाली हात धरून त्या उरलेला घास चावायच्या. डॉक्टरांनी मिटत चाललेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी धरली. काढली तेव्हा पापणी वर गेलेली होती. मग नसेला लागोपाठ हलके विजेचे धक्के देऊन स्नायूचा प्रतिसाद उतरतो का, ती तपासणी झाली. तो उतरला. पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला मदत करणारी गोळी, सुरू झालं आणि जेवण सुधारलं. त्यांचा अँटिबॉडी रिपोर्ट निगेटिव्हच होता. तो बघूनही डॉक्टरांनी उपचार चालू ठेवले, आणि ते बरोबरच होतं.

कारण ही चाचणी सगळ्यांत पॉझिटिव्ह येतच नाही. मायस्थेनिया अंगभर पसरलेला असेल तर नेहमीची असिटिलकोलिन रिसेप्टरची (स्नायूवरच्या त्या निरोप घेणाऱ्या जागेविरुद्धची) अँटिबॉडी शंभरातल्या साधारण ऐंशी-पंच्याऐंशी जणांत सापडते. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. उरलेल्यांपैकी काहींत मस्क नावाची वेगळी अँटिबॉडी असते, ती स्वतंत्रपणे तपासावी लागते. काहींचा नमुना नेहमीच्या पद्धतीत निगेटिव्ह येतो आणि पेशींवर करायच्या जास्त बारीक चाचणीत पॉझिटिव्ह निघतो. काहींत कशातच काही मिळत नाही, तरी आजार असतो आणि औषधही लागू पडतं. या सगळ्या माणसांना मेसेज सांगतो, तुम्हाला काही झालेलं नाही. या आजारात गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडले तर माणूस व्हेंटिलेटरवर जातो. लिहिणाऱ्याने हा विचार एकदा तरी केला होता का?

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगतोच. मायस्थेनिया असलेल्या माणसाने सर्दी-तापासाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक नेऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली याच आजाराबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, काही बीपीच्या गोळ्या, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनीही दुबळेपणा वाढू शकतो. दुकानदाराला आजाराचं नाव आधी सांगा, रिपोर्ट काहीही असो.

आता चौथा दावा, रिपोर्ट येईपर्यंत थांबायचा. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. स्टेरॉइड मनाने घ्यायचं औषध नाही. मेंदूला सूज असेल तर आधी हर्पिस, टीबी असा संसर्ग आहे का ते पाहावंच लागतं, आणि मायस्थेनियात मोठ्या डोसने सुरुवातीला दुबळेपणा वाढूही शकतो. पण डॉक्टरांनी तपासून उपचार सुरू करायचं ठरवल्यावर नातेवाइकांनी "रिपोर्ट येऊ दे" म्हणून अडवणं हा वेगळाच प्रकार आहे. ऑटोइम्युन एन्सेफलायटिसचं, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेचं, निदान कसं करावं यावर जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून २०१६ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात मार्गदर्शन लिहिलं. हा विषय शिकणारा प्रत्येक जण ते वाचतो. त्याचा गाभाच हा आहे: लक्षणं, एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आणि पाठीतलं पाणी यांवरून निदानाच्या पायऱ्या ठरवा, इतर कारणं बाजूला काढा आणि उपचार सुरू करा. अँटिबॉडीचा निकाल नंतर येऊन निदान पक्कं करेल किंवा बदलेल, त्याच्यासाठी थांबू नका. आणि निगेटिव्ह निकालाने हा आजार नाकारता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

थांबल्याने काय होतं ते याच सुजेच्या एका प्रकारात, एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसमध्ये, दिसतं. जोसेप डालमाऊ यांच्या गटाने २००७ साली ही अँटिबॉडी दाखवून दिली. बऱ्याचदा तरुण मुलगी असते. आधी झोप उडते, भलतंसलतं बोलते, संशय घेते, मग फिट येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, बोलणं बंद होतं. आपल्याकडे घरचे तिला देवऋषाकडे नेतात, मानसिक आजार समजून आठवडे जातात. काहींत अंडाशयात गाठ असते, ती शोधून काढावी लागते. ५७७ रुग्णांचा २०१३ सालचा मोठा अभ्यास सांगतो की उपचार झालेल्या दहांतले आठ जण दोन वर्षांत चांगले सावरले, आणि ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले ते जास्त. अशा मुलीच्या घरी हा मेसेज पोचला तर?

पाचवा दावा, पाठीच्या पाण्याचा, याच आजाराने खोडून निघतो. २०१४ साली २५० रुग्णांचं रक्त आणि पाठीतलं पाणी दोन्ही तपासलं. पाण्यात सगळ्यांमध्ये अँटिबॉडी सापडली. रक्तात साधारण सातांतल्या एकाला चुकली. म्हणजे फक्त रक्त तपासून "काही नाही" म्हटलं असतं तर ते रुग्ण हातचे गेले असते. उलट ॲक्वापोरिन-४ ची अँटिबॉडी (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारातली, तो पुढे येतोच) रक्तातच जास्त चांगली सापडते, म्हणून काय कुठे तपासायचं हे डॉक्टर ठरवतात. अंग जाण्याची भीती तर निराधारच. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. काहींचं डोकं दोन-चार दिवस दुखतं, ते खरं.

पहिला आणि तिसरा दावा एकत्रच घेतो. लक्षण नसताना किंवा नुसत्या मुंग्यांसाठी हजारो रुपयांचं पॅनल केलं की कुठला तरी हलका पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता वाढते. थायरॉइडच्या अँटिबॉडी कितीतरी धडधाकट बायकांत असतात. जीएडी या एन्झाइमविरुद्धची अँटिबॉडी टाइप-१ मधुमेहात असते. २०२३ साली जामा न्यूरॉलॉजी या नियतकालिकात अमेरिका आणि ब्रिटनच्या सहा केंद्रांनी अशा १०७ जणांची नोंद केली, ज्यांना ऑटोइम्युन एन्सेफलायटिस नसताना तो सांगितला गेला होता. जवळपास निम्म्यांत एक कारण होतं, रक्तातल्या पॉझिटिव्हला दिलेलं नको तेवढं वजन. त्यांतल्या काहींना औषधांचे दुष्परिणामही सोसावे लागले.

मग चाचणी बिनकामाची आहे का? नाही, मुळीच नाही, आणि मी नाइलाजाने हेही मान्य करतो की ती आपल्याकडे कधीकधी उशिरा होते. डोळ्याची नस सुजून दिसेनासं झालं आणि पाठोपाठ पाय लुळे पडले, तर तो एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार) असू शकतो किंवा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे मुख्यतः डोळ्याची नस आणि मज्जारज्जू सुजवणारा आजार. वरवर सारखेच. २००४ साली मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन यांच्या गटाने दुसऱ्याची, म्हणजे न्यूरोमायलायटिसची, अँटिबॉडी शोधली आणि ते दोन वेगळे करता आले. हा फरक कागदावरचा नाही. एमएसची इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमोड ही औषधं न्यूरोमायलायटिसच्या रुग्णाला दिली तर आजार वाढू शकतो. तिथे या एका रिपोर्टवर औषध बदलतं, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर पैशाकडे बघून तो टाळू नये.

काढ्याबद्दल थोडक्यात. एनएमडीएचा रुग्ण बरा होऊन कामाला लागला तरी अँटिबॉडी राहू शकते, मायस्थेनियात आकडा कमी म्हणजे आजार सौम्य असंही नसतं. तेव्हा महिन्याला आकडा मोजून काही हाती लागत नाही. गुळवेलीवर २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटलीय त्याने या वादाचा निकाल आपल्या अंगावर लावून बघू नये.

घरात कुणी हा मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या असतील तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. गिळताना ठसका लागत असेल, आवाज नाकातून येत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका. सिव्हिल जवळ असेल तर सिव्हिलला, नाहीतर व्हेंटिलेटर असलेल्या जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि जाताना औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.