डोलकाठी ‘आपोआप’ उभी राहत नाही

शिडाच्या होडीची डोलकाठी न उतरवता तिला धरून ठेवणाऱ्या सर्व तारा एका दुपारी बदलून टाकता येतात, असे सांगणारा एक संदेश सध्या होडीवाल्यांमध्ये फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तारा एकेक करून काढल्या तर डोलकाठीला वेगळा आधार लागत नाही, लागलाच तर हॅलयार्ड (शीड वर चढवायची, माथ्यावरून येणारी दोरी) कठड्याच्या खांबाला अडकवावी, वर चढलेल्या माणसाच्या वजनाने डोलकाठी खाली दाबली जाऊन उलट अधिक स्थिर होते, आणि तार चकचकीत असेल तर ती बदलण्याचीही गरज नाही. माझ्या भाच्याने हा संदेश “मामा, हे बरोबर आहे ना?” असे विचारत मला पाठवला, आणि उत्तराची वाट न पाहता कामाला सुरुवातही केली. मी धक्क्यावर पोहोचलो तेव्हा एका बाजूची श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणारी तार, सोडलेली होती, हॅलयार्डचा शॅकल (टोकाचा लोखंडी आकडा) खांबाच्या वरच्या कडीत अडकवलेला होता, आणि तो खांब आपल्या खोबणीतून बोटभर वर आला होता. त्याला धरणाऱ्या छोट्या स्क्रूने नळीवर ओढलेला ताजा ओरखडा स्पष्ट दिसत होता. भाच्याचा मित्र वर जाण्यासाठी दोरीने ओढून घ्यायच्या खुर्चीचे पट्टे आवळत होता.

म्हणून आधी वजनाचा मुद्दा घेतो, कारण माणूस मरू शकतो तो याच मुद्द्यामुळे. डोलकाठी अगदी ओळंब्यात उभी असेल तरच वरचे वजन सरळ खाली जाते, आणि तरंगत्या होडीवर ती तशी कधीच राहत नाही. डेकपासून 12 मीटर उंच डोलकाठी 5 अंश कलली की तिचा माथा एक मीटरहून अधिक बाजूला जातो. एवढा कल शेजारून गेलेल्या बोटीच्या लाटेनेही येतो. माथ्यावर 80 किलोचा माणूस असेल, तर मध्यापासून 1.2 मीटरवर असलेल्या चेनप्लेटवरच्या (तार होडीला जोडणाऱ्या भक्कम पट्टीवरच्या) तारेला केवळ त्या माणसासाठी सुमारे 70 किलोचा ओढा सोसावा लागतो. डोलकाठीचे स्वतःचे वजन आणि लाटेचा हिसका त्याखेरीज. ती तारच काढून ठेवलेली असेल, तर हा ओढा घेणार कोण?

संदेशाचे उत्तर आहे, कठड्याचा खांब. हा खांब डेकवरून घसरणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी असतो. तो साधारण 60 सेंटिमीटर उंच असतो आणि अनेक होड्यांवर खोबणीत नुसता बसवून एका स्क्रूने किंवा पिनेने अडवलेला असतो. श्राउडची ओढ मात्र जवळजवळ सरळ वर असते, म्हणजे ज्या दिशेने हा खांब सर्वांत सहज निघून येतो त्याच दिशेने. शिवाय विरुद्ध बाजूची श्राउड अजून ताणलेलीच असते. सेल्डेन या डोलकाठ्या बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीच्या मार्गदर्शिकेत ताण मोजण्याची सोपी रीत दिली आहे: 19 पदरी स्टीलच्या तारेचा 2 मीटरचा तुकडा 1 मिलिमीटर लांबला, तर तिच्यावर तुटण्याच्या भाराच्या 5 टक्के ताण आहे. 6 मिलिमीटर जाडीची तार सुमारे 2,800 किलोला तुटते. तीन मिलिमीटर लांबलेल्या अशा तारेत 420 किलोचा ताण भरलेला असतो. त्यामुळे कोणतीही पिन काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) आळीपाळीने, सारखेच आटे मोजत, सैल करावे लागतात. याचा संदेशात उल्लेखही नाही.

एकेक तार बदलता येते, हे मात्र मला मान्य करावे लागेल. अनुभवी रिगर, म्हणजे डोलकाठी-तारांचे कारागीर, धक्क्याला बांधलेल्या होडीवर, वारा नसताना असे काम करतात. डेकमधून खाली होडीच्या तळाच्या कण्यापर्यंत (कीलपर्यंत) गेलेली डोलकाठी डेकच्या छिद्रात पाचरांनी धरलेली असल्यामुळे थोडा वेळ तग धरते, हेही खरे आहे. पण वर भार आला की ती त्याच छिद्रापाशी वाकते, कारण डेकखाली जेमतेम दोन मीटर आणि वर बारा मीटर असतात. डेकवर टेकलेल्या डोलकाठीला तर पायाशी धरणारे काहीच नसते. म्हणून तार काढण्याआधी तिच्या जागी हॅलयार्ड ताणलेली हवी, आणि ती चेनप्लेटला किंवा भक्कम बसवलेल्या क्लीटला (दोरी बांधायच्या खुंटीला) बांधलेली हवी. फोरस्टे (पुढची तार) काढायचा असेल तर ती नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, मुख्य फिटिंगला, बॅकस्टे (मागची तार) काढायचा असेल तर मागच्या चेनप्लेटला बांधावी. दुसरे टोक केवळ क्लचवर (दोरी दाबून धरणाऱ्या खटक्यावर) न सोडता विंचवर (दोरी ताणायच्या फिरत्या चाकावर) घेऊन क्लीटला बांधावे, कारण क्लच घसरतो. हॅलयार्ड बाजूला ओढली तर माथ्यावरच्या कप्पीच्या कडेला घासते, हेही विसरू नये.

ज्या दोरीने डोलकाठी धरली आहे, तिच्यावर माणसाने लटकू नये. त्याला स्वतःची एक दोरी आणि सुरक्षेची दुसरी हवी. म्हणजे एका तारेच्या कामासाठी माथ्यापर्यंत जाणाऱ्या किमान तीन दोऱ्या गुंततात, आणि तात्पुरती दोरी ताणून खालची पिन सैल केल्यानंतरच माणूस वर जातो.

चकचकीत तारेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तडा तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या नळीच्या आत जातो आणि तेथे तो पुसलेल्या तारेवरून दिसत नाही.

भाच्याच्या होडीवर माथ्यापर्यंत जाणाऱ्या दोनच दोऱ्या आहेत. काढलेली श्राउड आम्ही त्याच संध्याकाळी परत लावली. आता डोलकाठी क्रेनने उतरवायची आहे, आणि क्रेनचा पट्टा स्प्रेडरच्या (तारांना डोलकाठीपासून दूर ठेवणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) खाली, पण डोलकाठीच्या मध्याच्या वर बसून ताणला जाईपर्यंत एकही पिन निघणार नाही.